हौसाक्का, तू कशाला परत गेलीस

आक्का, तुझा दहावा करून परवा लोणंदला परत आले. रजा संपली होती म्हणून काल शाळेत गेले, पोरांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावले आणि त्या गलक्यात गप्प बसून राहिले. घरी आल्यावर मंगल म्हणाली, आई, तू कुणाला भ्यालीस? मी म्हटलं, कुणाला नाही. पण तुला खरं सांगते, तू गेल्यापासून मला पुन्हा तसंच भ्या वाटायला लागलंय, काठमांडूच्या त्या माडीवर वाटायचं तसं. तेव्हा निदान तू शेजारी होतीस.

तुझ्या भावानं निघताना मला सांगितलं होतं, बाई, तुमी मास्तरीण हाय, आक्कावर चार वळी लिवा. कुठं जन्मली, कुठं दिली, कशानं गेली, असं त्याला हवं आहे. ते मी त्याला निराळं लिहून देईन. हे तुझ्यासाठी आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय. आणि तुझ्या दहाव्याला मला एक गोष्ट कळली, ती न ऐकताच तू गेलीस.

पहिल्यांदा तुला पाहिलं तेव्हा मी तुलाच भ्याले होते. माझं नुकतं लग्न झालेलं. यजमान वसंत खानापूरकडचे, धंदा गलाईचा. जुने दागिने, सोनारांच्या दुकानातला केर, सगळं भट्टीत गाळायचं आणि शुद्ध सोनं काढून द्यायचं. आपल्या सांगलीकडच्या कोरड्या तालुक्यांतली माणसं या धंद्यापायी कुठं कुठं पांगली. कुणी मद्रासकडे गेलं, कुणी कलकत्त्याला, आणि थोडी घरं पार नेपाळात. माझ्या वडिलांना, नानांना, वाटलं की पोरगी सोन्यात पडली. आई लहानपणीच गेलेली. साताऱ्याच्या पलीकडे मी काही पाहिलेलं नव्हतं. रक्सौलहून बसमध्ये बसले ती ओकत ओकतच काठमांडूला उतरले. एका अरुंद बोळात लाकडी खिडक्यांची उंच घरं, खाली भट्ट्या, वर आपली बिऱ्हाडं. तेजाबाचा पिवळा धूर जिन्यानं वर यायचा आणि घशात बसायचा. दारात तू उभी होतीस, नऊवारी कासोटा, रुपयाएवढं कुंकू, आणि मेंढरांमागं चालून रुंद झालेली पावलं. माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "दार ठेंगणं हाय, वाकून ये. हितं समद्यांलाच वाकावं लागतं."

तू अण्णांची बायको. अण्णा त्या गल्लीतल्या आपल्या सगळ्या माणसांचे पुढारी. कुणाला दुकान मिळवून देणं, कुणाचं भांडण सोडवणं, सगळं त्यांच्या खोलीत चालायचं. मी तुला आवं आक्का, तुमी, असं म्हणायची. तू कमी बोलायचीस. दगडी धारेवर, तिथल्या पाणवठ्यावर, पाणी भरायला गेलो की तिथल्या बायकांशी तू नेपाळीत घडाघडा बोलायचीस, हसायचीससुद्धा; आणि आमच्यात आलीस की तोंड मिटायचीस. तुला मूल नव्हतं. आपल्या बायका त्यावर पाठीमागं बोलायच्या आणि तुला ते ठाऊक होतं. मला भाषा तूच शिकवलीस. तांदूळ निवडता निवडता एकेक शब्द सांगायचीस आणि माझ्याकडून चुकला की पुढचा सांगायची नाहीस.

त्या हिवाळ्यात वसंत एका व्यापाऱ्याचं गाळलेलं सोनं पोचवायला गेले ते परत आलेच नाहीत. आधी मला वाटलं अपघात झाला. मी सगळ्यांना विचारत सुटले, कुणी दवाखान्यात पाहिलं का, कुणी नदीकडं पाहिलं का. लोक माझ्याकडे न बघता उत्तर द्यायचे. मग कळलं, सोनं व्यापाऱ्याकडे पोचलंच नाही. मला दिवस गेलेले होते. माझा माणूस मेला असावा की पळाला असावा, यातलं काय मागावं तेच मला कळेना. पुढं कधी तुला मी हे सांगितलं तेव्हा तू मला गप्प केलं नाहीस, म्हणालीस, माझ्याबी मनात तेच हुतं.

मग अण्णांच्या खोलीत सगळे पुरुष जमले. तू आणि मी पडद्याआड चुलीपाशी. व्यापाऱ्यानं निरोप दिला होता की तो तक्रार करणार, आणि मग तुमच्या मुलखातलं एक माणूस या शहरात राहणार नाही. त्या खोलीत बसलेला प्रत्येकजण घाबरलेला होता, हे मला आवाजावरूनच समजत होतं. इतकी वर्षं काढून बसवलेली दुकानं, शाळेत जाणारी पोरं, गावाकडं वाट बघणारी माणसं. परमुलखात एकाच्या चुकीपायी सगळे उठवले जातात, ही भीती खोटी नव्हती. मग वसंताचा चुलतभाऊ आणि भागीदार, बापू, बोलला. "वैनीला जाऊ द्यायची न्हाई. तिच्या पोटात त्याचं पोर हाय. ती हितं हाय म्हटल्यावर त्यो येतोय का न्हाई बघू. माझ्या खोलीवर ठिवतो."

कुणी नको म्हणालं नाही. ही सगळी माणसं माझ्या ओळखीची होती. गणपतीत माझ्या हातचे मोदक खाल्लेली. पडद्याच्या फटीतून मला अण्णा दिसत होते, ते जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात तू पडदा सारून बाहेर गेलीस. पुरुषांच्या बैठकीत बाई आलेली मी पहिल्यांदा पाहिली. तू एवढंच म्हणालीस, "ती माझ्याकडं ऱ्हाईल." बापू अण्णांकडे बघायला लागला. अण्णांनी मान हलवली.

तू मला वाचवलंस हे तेव्हा मला कळलंच नाही. वाटलं, आता ही माझी पहारेकरीण. तू मला एकटीला धारेवर जाऊ देत नव्हतीस, जिना उतरू देत नव्हतीस. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू मक्याच्या पिठाची भाकरी थापून पुढं ठेवायचीस, मी तोंड फिरवायची, आणि तू ताट तसंच झाकून ठेवायचीस.

बापू रोज काही ना काही निमित्तानं यायचा. जिन्यात आधी खाकरायचा. ते खाकरणं ऐकलं की माझ्या पोटातलं बाळ फिरायचं. एका दुपारी तू पाणी आणायला गेली होतीस आणि अण्णा दुकानात. मी गच्चीवरचं वाळवण काढून खाली आले तर बापू खोलीत बसलेला. म्हणाला, वसंता काय येत न्हाई वैनी, तुमी आता माझ्याच म्हणायच्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ओरडावं तर कुणाला हाक मारायची? खाली बोळातल्या नेपाळी लोकांना मराठी येत नव्हती आणि ज्यांना येत होती ते सगळे त्या बैठकीत बसलेले होते. नेपाळी शब्द तू शिकवले होतेस, पण त्या घटकेला एकही आठवेना. मग तू आलीस. घागर खाली ठेवलीस. त्याच्याकडे बघितलं नाहीस, माझ्याकडेही नाही. सूप घेतलंस आणि आम्हा दोघांच्या मधोमध बसून तांदूळ निवडायला लागलीस. किती वेळ निवडलेस कोण जाणे. तो उठून गेला तरी तुझे हात थांबत नव्हते. मी जवळ बसले तेव्हा दिसलं, तू खडे टाकून द्यायच्या ऐवजी तांदूळच टाकून देत होतीस.

त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा तू म्हटलं. "आक्का, मला घरला ने."

तू विचारलंस, "चालायला येतंय न्हवं?"

शिवरात्र तोंडावर होती. पशुपतिनाथाला आपल्याकडचे, बिहारकडचे लाखांनी लोक येतात, साधू येतात, आणि दर्शन झालं की बसा भरभरून परत जातात. तू म्हणालीस त्या गर्दीत दोन बाया कुणाला दिसत नाहीत. अण्णांना सांगू या, असं मी सुचवलं. तू नको म्हणालीस. "मालकांला सांगितलं तर न्हाई म्हणायचं न्हाईत, पर व्हय बी म्हणायचं न्हाईत. आन मग माझा पाय उचलायचा न्हाई." दर्शनाला जातो म्हणून सांगून दोघी निघालो. पिशवीत एक लुगडं, फुटाणे आणि गूळ. देवळापाशी पोचलो पण तू आत गेली नाहीस. नदीच्या अलीकडूनच हात जोडलेस आणि यात्रेकरूंच्या बसमध्ये मला पुढं घातलंस.

तो घाट मी अजून स्वप्नात चढते. खाली ढग, वळणावर बसचं चाक कडेच्या दगडाला घासायचं, आणि प्रत्येक वळणाला मला वाटायचं मागून कुणी गाडी घेऊन येतंय. सरहद्दीवर बायकांच्या पिशव्या उपसून बघत होते. सोन्याच्या गल्लीतून आलेल्या बाया आपण. आपल्याकडे काही नव्हतं, तरी मी अशी कापत होते की कुणालाही संशय यावा. तू माझ्या पाठीवर हात ठेवून शिपायाला नेपाळीत सांगितलंस की पोरीला दिवस गेलेत, उभी राहवत नाही. त्यानं सोडलं.

आणि रक्सौलच्या फलाटावर दगडू दिसला. अण्णांच्या दुकानात भट्टी सांभाळणारा, तुझ्याच गावचा. खांबाआड उभा होता. तुझ्या नजरेला तो माझ्या आधी पडला होता. तू माझं मनगट धरलंस ते पुढं मनमाडपर्यंत सोडलं नाहीस. आपण गाडीत चढलो, तोही चढला. आपण गाडी बदलली, त्यानंही बदलली. जवळ येत नव्हता, बोलत नव्हता, बघितलं की मान फिरवायचा. तू मला डब्यात कधी या टोकाला, कधी त्या टोकाला बसवायचीस. झोपू का म्हटलं तर झोप म्हणायचीस, पण स्वतः टक्क डोळे उघडे. मी विचारलं, आक्का, हा काय करेल? तू म्हणालीस, काय बी करू दे, मी हाय. तुझा आवाज इतका घट्ट होता की मी झोपले. माझी पुरी खात्री, तुला भीती ठाऊकच नाही.

मनमाडला आपण उतरलो. पुण्याकडच्या गाडीला वेळ होता. दगडू समोरून सरळ चालत आला. एका हातात द्रोणात भजी, दुसऱ्या हातात चहाचे कप. तू उठून माझ्यापुढं उभी राहिलीस. तो म्हणाला, "आवं आक्का, घ्या की. मालकांनी सांगितलंय, दोघींला नीट पोचवून ये. दिसू नगंस म्हणालं हुतं, पर आता मलाच ऱ्हावंना. तुमी कवापासनं खाल्लं न्हाई."

अण्णांना कळलं होतं. तू निघायच्या आधीच कळलं होतं. तुला वाटेला लावून त्यांनी मागं माणूस पाठवला होता.

मला तर आनंदानं रडू फुटलं. तू मात्र चहा घेतला नाहीस. बाकावर बसलीस आणि माझं मनगट पुन्हा धरलंस. मग तू म्हणालीस, "तोंडानं एकदा सांगितलं असतं, जा म्हणून, तर मी एवढी भ्याले नसते गं. मला वाटलं, आता ह्यो पोरीला वढून न्हेतोय, आन मला काय करता येत न्हाई."

तू मला सासरी नेलं नाहीस, सरळ लोणंदला नानांच्या दारात आणलंस. नाना फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, करारी माणूस. पण पोटुशी पोरगी नवऱ्यावाचून दारात बघून त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, नांदायला दिलेली पोर अशी ठेवून घेतली तर गाव काय म्हणेल. तू अंगणातच उभी होतीस, पाणीसुद्धा प्यायली नव्हतीस. म्हणालीस, "हवालदार, तुमी लढाईला गेला हुता म्हणं. मग गावाला कशापायी भ्यायचं?" नाना पुढं झाले आणि तुझ्या हातातली पिशवी घेतली.

तू राहिलीस. उन्हाळाभर राहिलीस. माझ्या आईनं केलं असतं ते सगळं तू केलंस. बाळंतपण अडलं तेव्हा मी तुला ओरडून सांगितलं की मी मरतेय, आणि तू माझ्या कानाशी म्हणालीस, मरायचं आसतं तर घाटातच मेली आसतीस. मंगलला आधी तू न्हाऊ घातलंस, मग माझ्याकडे दिलीस. तिचं नावही तूच ठेवलंस. मला वाटायला लागलं होतं की आता तू इथंच राहणार. मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं, शिकायचं, नोकरी धरायची, आणि आपण दोघींनी राहायचं.

बारसं झालं आणि तू म्हणालीस, मी जाते.

लोणंदच्या स्टेशनात आपण भांडलो, आक्का. लोक बघत होते. मी म्हणत होते, ज्या माणसानं त्या बैठकीत तोंड उघडलं नाही, ज्यानं तुला इतक्या भीतीत सोडलं, त्याच्याकडे तू कशाला परत जातेस? तू म्हणालीस, "मालक भित्रं हायती सुमे, वाईट न्हाईत." मी म्हटलं, भित्रा माणूस वाईटाइतकंच करतो, आणि वर आपणच त्याची कीव करायची. तू चिडलीस. तुला पोर होत नाही म्हणून त्यांना भाऊबंदांनी दुसरी करायला सांगितली, वर्षानुवर्षं सांगितली, आणि ते नाही म्हणाले. तेव्हा कुठं भ्याले ते, असं तू विचारलंस. मी म्हटलं, एकदा उभे राहिले म्हणून जन्मभर पुरवायचं का? गाडी आली. तू चढलीस. खिडकीतून म्हणालीस, "तुझं ऱ्हाऊ दे, तू ल्हान हाईस." आणि मी, बाळ छातीशी घेऊन, गाडी हलली तरी तुझ्याशी भांडतच होते.

पुढं कळलं की व्यापाऱ्याचं सोनं सगळ्या घरांनी मिळून भरून दिलं. त्यानं तक्रार केली नाही. कुणालाही देश सोडावा लागला नाही. ज्याला भिऊन मला कोंडलं होतं ते घडलंच नाही. वसंत आले नाहीत. कुणी म्हणतं कलकत्त्याला दिसले, कुणी म्हणतं आसामात. मी कुंकू लावते, का लावते ते आता विचारत नाही. मी साताऱ्याला शिकून मास्तरीण झाले. दारात पुरुष माणूस खाकरला की अजूनही हातातलं खाली पडतं. नाना होते तोवर ते ओसरीवर बसायचे. आता तेही नाहीत.

तू अधेमधे गावाकडं यायचीस तेव्हा लोणंदला उतरायचीस. मंगलला मांडीवर घ्यायचीस. खोकायचीस. अण्णांचं दुकान मोठं झालं होतं आणि भट्टीवर माणूस कमी पडला की तूच बसायचीस. मी म्हणायची, तो धूर तुला मारील. तू विषय बदलायचीस. स्टेशनातल्या भांडणावर दोघी कधी गेलो नाही, पण ते दोघींच्या मध्ये बसलेलं असायचं.

मग गेल्या महिन्यात दगडू शाळेच्या फाटकाशी उभा दिसला आणि मला कळलं की काहीतरी वाईट आहे. तो तुला मिरजेला दवाखान्यात घेऊन आला होता. मी विचारलं, अण्णा? तो म्हणाला, दुकान कुणावर टाकायचं, मागनं येतो म्हणालं. आणि खाली बघायला लागला.

तुझ्या खाटेशी तुझा भाऊ आणि भावजय होते, दोघंही घाबरलेले. भावजय मला बाजूला घेऊन म्हणाली, वन्संला कायतरी लागलंय, कुणाच्या तरी भाषेत बोलत्यात, आमास्नी काय कळंना. त्यांना वाटत होतं अंगात आलंय. मी जवळ बसले. ताप होता, श्वास वर वर चालला होता, आणि तू नेपाळीत बोलत होतीस. "को हो? को हो?" म्हणजे, कोण आहे. मग म्हणालीस, "ढोका लगाऊ." दार लाव. त्या सगळ्या वॉर्डात तुझं बोलणं मला एकटीला कळत होतं. मी उठून वॉर्डाचं दार लावल्यासारखं केलं आणि सांगितलं, लगाएँ, आक्का, लावलं. तू मला ओळखलंस की नाही ठाऊक नाही. म्हणालीस, "डर लाग्यो."

आक्का, तू. रक्सौलपासून मनमाडपर्यंत जी म्हणत होती मी हाय.

मधे एकदा ताप उतरला तेव्हा तू शुद्धीवर आलीस आणि आपल्या बोलीत बोललीस. दुपारची वेळ होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिची माणसं मोसंबी सोलून देत होती. तू विचारलंस, मालक आलं का? मी म्हटलं, येतायत. तू म्हणालीस, "येतील. भ्यालं असतील मला बघायला." आणि थोडं थांबून, "मलाबी लय भ्या वाटतंय सुमे. हात सोडू नगंस." मी सोडला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तू गेलीस. हात माझ्या हातातच होता, आणि मला तो काढून घेता येईना, इतकी मी तुला भ्याले, तुझ्या नसण्याला भ्याले. सिस्टरनं बोटं सोडवली.

कवठे महांकाळच्या पुढं, तुझ्या गावच्या माळावर, तुला नेलं. बाभळी आणि मोकळा वारा. या माळावर तू पोरगी असताना मेंढरं राखायचीस. पण तिथं जमलेल्या माणसांत तुला ओळखणारी थोडीच होती. बायका एकमेकींना विचारत होत्या, ही नेपाळात असायची ती का?

अण्णा आले ते तुझ्या मातीनंतर. मी त्यांना दहाव्यालाच पाहिलं. केस पांढरे, अंगात तो तिकडचा जाड कोट, त्या उन्हात. विधी झाले, माणसं जेवून पांगली, ते पडवीत भिंतीशी बसून होते. मी बोलायचं ठरवूनच गेले होते. इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं बोलणार होते. जवळ गेले तर त्यांनीच विचारलं, "शेवटाला काय म्हणत हुती?"

मी खरं ते सांगितलं. कोण आहे म्हणत होती, दार लाव म्हणत होती, भ्या वाटतंय म्हणत होती. ते ऐकताना त्यांनी कोटाचं बटण धरून ठेवलं होतं. मग मी विचारलं, "अण्णा, त्या शिवरात्रीला तुम्हाला ठाऊक होतं. मग तोंडानं जा का म्हणाला नाहीत?"

ते हळू म्हणाले, "सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुमी बी चला. दुकान टाका, गल्ली टाका, चला घरला. आन मी तिला काय म्हणालो असतो, ते माझं मलाच कळू द्यायचं न्हवतं."

हे तुला सांगायचं होतं, आक्का. तुला हे ठाऊक होतं का? ठाऊक असून तू परत गेलीस, की ठाऊक नव्हतं म्हणून गेलीस? मी अजूनही म्हणते की तू जायला नको होतंस. तू इथं असतीस तर आज जिवंत असतीस. पण त्यांच्याकडे बघताना मला जे बोलायचं होतं त्यातलं काहीच बोलता येईना. ते आता परत जाणार नाहीत म्हणाले, दुकान दगडूला दिलं. इथं त्यांना कुणी ओळखत नाही. दिवसाढवळ्यासुद्धा भ्या वाटतं म्हणाले, आणि मला ते इतकं ओळखीचं वाटलं की मी त्यांच्याजवळ, थोडं अंतर ठेवून, पडवीत बसले. एसटीचा वेळ झाला होता. तुझा भाऊ हाक मारून गेला. मी उठले नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुला तवा काय झालं गं? पोरगा का पोरगी?"

इतकी वर्षं त्या एका खोलीत, आक्का. इथं स्टेशनात उभी राहून त्यांच्या बाजूनं माझ्याशी भांडलीस, आणि तिकडं त्यांना एवढंसुद्धा सांगितलं नाहीस.

मी म्हटलं, पोरगी. मंगल. आक्कानंच नाव ठेवलं. आणि मग ती कशी आडवी आली होती, तू माझ्या कानाशी काय म्हणालीस, तिथपासून सगळं त्यांना सांगायला लागले.